मापाची दोरी

बर्फाच्या कारखान्याला लागून गुणाजी मेस्त्रींचं दुकान.
पाटी गेली, खिळे राहिले.
आत तेलाचा वास, रंध्याच्या साली,
आणि भिंतीला टेकून शेतीसंरक्षणाच्या सात बंदुका.
निवडणुकीत ठाण्यात जमा होत्या,
परत आल्या त्या गंज घेऊन.
वेंगुर्ल्याचा वारा लोखंडाला तसाही सुखाने राहू देत नाही.
प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं नाव:
पेंडूरकर, राऊळ, पुन्हा राऊळ, डिसोजा.

"माकडां काय डुकरां?"
मान वर न करता त्यांनी विचारलं.
कागद, मी म्हटलं.
पन्नास मीटरवरचा. मधलं वर्तुळ
शर्टाच्या बटणाएवढं.
तेव्हा चष्मा कपाळावर गेला.

मग सगळं सांगितलं.
महिन्यातून दोनदा आंबोली चढून कोल्हापूर गाठते,
क्लबची पॉइंट बावीस, उजव्यांसाठी घडलेली.
दर गोळीला बोल्ट ओढायला
माझा डावा हात नळीवरून पलीकडे जातो,
परक्याच्या ताटावरून मीठ घ्यावं तसा.
आणि गालाखाली लागतं ते
कुणा दुसऱ्याच गालाचं लाकूड.

"उभी रव. डोळे मीट."
हातात वल्ह्याचा तुटका दांडा दिला.
"खांद्याक लाव. आता उघड. डोळो खंय पडता?"
समोर, दारातून, बर्फ भरणाऱ्या टेम्पोच्या
मागच्या दिव्यावर. किंचित वर.
"किंचित म्हणजे किती?"
याचं उत्तर मला देता आलं नाही,
त्यांना ते दोरीने काढता आलं.

कोपराच्या आतून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.
हासळीपासून जबड्यापर्यंत.
दर मापाला दोरीला एक गाठ,
आकडा दिनदर्शिकेच्या पाठीवर, भाद्रपदाच्या मागे.
"मान लांब आसा," ते म्हणाले. तक्रार नव्हती.
शाळेत मला बगळी म्हणायचे.
इथे ती फक्त दस्त्याची उंची झाली.

तीच मापं पुन्हा घेतली, तर पाव इंच फरक.
तिसऱ्यांदा घेतली, अजून वेगळी.
"श्वास धरून उभी आसस काय गो?
ह्या शिंप्याचा दुकान नाय. सोड."
सोडला.
चौथं माप लिहिलं,
आधीची तीन खोडली.

लाकडावर वेळ गेला.
अक्रोड बाहेरून येतो, भाव ऐकून पळशील.
फणस हलका, पण ठोका लागला की खड्डा.
माळ्यावरून शिसवीची फळी उतरवली,
आठ पावसाळे सुकलेली, जाळ्यांनी पांढरी.
थुंकी लावून अंगठ्याने पुसली
तशी आतून काळी लाट वर आली.
ही लाट गालाकडे घेऊ, की बाहेर दिसू दे?
गालाकडे, मी म्हटलं.
बाहेर कोण बघणार आहे.

"चाप किती हलको?"
ग्रॅममध्ये सांगायला गेले, त्यांनी हात हलवला.
मग म्हटलं, अडकित्त्यात सुपारी धरल्यावर,
ती फुटायच्या अगदी आधी
जेवढं दाबून आपण थांबतो, तेवढा.
"हां," मेस्त्री म्हणाले,
आणि पहिल्यांदाच काही लिहून घेतलं नाही.

नळी, बोल्ट कंपनीकडून येतील.
त्याच्याही आधी परवाना, ओरोसहून,
साहेबाच्या टेबलावरून साहेबाच्या टेबलावर.
मी स्वतः बंदर खात्यात शिक्के मारते,
मला माहीत आहे कागदाला किती भरत्या लागतात.
"येवंदे सावकाश. लाकडाकय नववो पावस बघूक होयो."
आगाऊ पैसे घेतले नाहीत.

निघताना विचारलंच त्यांनी,
"मधी लागली गोळी, मगे काय?"
मग नवीन कागद लावायचा.
ते हसले, बराच वेळ, खोकला येईपर्यंत.
चाळीस वर्षांत त्यांच्या बंदुकीने
पुन्हा लावता येईल असं काही मारलं नव्हतं.

मी चपला घालत होते तेव्हा
त्यांनी दोरी गुंडाळली नाही,
सात बंदुकांच्या शेवटी, रिकाम्या खिळ्याला टांगली.
पाच गाठी, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव.
आणि त्या जागेला टेकलेलं
अजून काहीच नाही.